वरच्या मजल्यावरची मीटिंग

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ती मेणात एकेक दात बसवायची. एकवीस वर्षं हेच काम. तिने बसवलेले दात खोटे आहेत हे सख्ख्या बायकोलाही कळत नाही, असं मालक कौतुकाने सांगायचा. मग एका आजोबांच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे गेला आणि उजवा डावीकडे. मालक ती कवळी घेऊन तिच्या टेबलापाशी आला, आणि तिच्या तोंडाचा वास येताच दोन पावलं मागे सरकला.

"बाई, आधी हे बंद करा, मग या," तो म्हणाला आणि कागदावर पत्ता लिहून दिला. तिथे दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरायची; त्याचा मेहुणा तिथे जाऊन सुधारला होता.

पत्ता एका वाचनालयाचा होता. बुधवारी संध्याकाळी सहाला ती पोचली तेव्हा तळमजल्यावर एक उंच गृहस्थ खुर्च्या मांडत होते. तिचे इस्त्रीचे कपडे, चष्मा, खांद्याला पर्स. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि अदबीने जिन्याकडे हात केला.

"ताई, घरच्यांची मीटिंग वर असते."

'पिणारी मीच' एवढंच म्हणायचं होतं. पण ती जिना चढली.

वर आठ जणी नवऱ्यांपायी आलेल्या होत्या आणि एक म्हातारी मुलापायी.

"तुमचे मिस्टर किती वर्षं पितात?" एकीने विचारलं.

"अकरा," ती म्हणाली. आकडा खरा होता.

तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. दारूच्या थेंबालाही तो कधी शिवला नव्हता. त्याच्या नावावर तिने सगळं सांगून टाकलं: पिठाच्या डब्यात लपवलेली बाटली, लेकीच्या निकालाच्या दिवशी बाथरूममध्ये पडणं, सकाळी हात थरथरतो म्हणून कपात अर्धाच चहा घेणं. बायकांनी डोळे पुसले. म्हातारीने तिचा हात हातात धरून ठेवला.

आणि गंमत म्हणजे पुढचे सात आठवडे तिने खरंच घोटभरही घेतली नाही. एकदा एक जण म्हणाली, "रात्री उठून मी त्यांच्या नाकाशी हात धरते. श्वास चालू आहे का बघते." तेव्हा तिला आठवलं, असाच एक हात तिच्याही नाकाशी आला होता आणि तिने तो झटकून टाकला होता.

आठव्या बुधवारी ती चष्मा घरीच विसरली. वाचनालयात जाते एवढंच नवऱ्याला माहीत होतं. तो चष्मा द्यायला आला, विचारत विचारत वर चढला. हा कोण ते कळताच दाराजवळची बाई उठून उभी राहिली.

"भाऊ, तुमची मीटिंग खाली आहे. लाजू नका. आलात हेच खूप झालं."

दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. चष्मा खुर्चीवर ठेवून तो निघून गेला.

घरी तो वह्या तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "अकरा वर्षं शेजाऱ्यांना सांगितलं, तिचं डोकं दुखतंय. लेकीशी खोटं बोललो. आणि शेवटी बेवडा कोण ठरला, तर मी."

"मी सांगते त्यांना खरं काय ते."

"सांग. पण माझ्यासाठी नको. माझं व्हायचं ते होऊन गेलं."

पुढच्या बुधवारी तिने सांगितलं. म्हातारीने हात काढून घेतला.

"माझ्या पोराचं ऐकताना मान डोलवत होतीस," ती म्हणाली. "तुला तर आतलं सगळं ठाऊक होतं. मग तो का पितो, हे मला एकदा तरी का नाही सांगितलंस?"

ती खाली गेली. खाली सगळे पुरुष. तिची बोलायची पाळी आली तसा मागून कुणीतरी म्हणालं, "बायकाच प्यायला लागल्या, तर आम्हाला सोडायला लावणार कोण?" हशा पिकला. उंच गृहस्थ हसले नाहीत. निघताना ते तिला म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हो, विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

त्यांनी दुसरा पत्ता दिला. फक्त बायकांची मीटिंग, शनिवारी सकाळी अकराला, दोन बस बदलून. त्या शनिवारी ती गेली नाही. प्यायली. पुढचे तीन आठवडे पीतच राहिली. चौथ्या शनिवारी गेली, तेव्हा एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत पाच जणी बसल्या होत्या. नवऱ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

"आज घेतली आहेस?"

"हो."

"बरं. बस."

याला आता दोन वर्षं झाली. तिची दारू सुटली आहे. मालकाने मात्र तिला परत घेतलं नाही. तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसते. ती घरी खिडकीशी बसून लोकांच्या तुटक्या कवळ्या सांधून देते. लेकीचा फोन येतो, पण बाबांना.

मध्यंतरी तिनेच आग्रह करून नवऱ्याला बुधवारच्या मीटिंगला पाठवलं, वरच्या मजल्यावर. अर्ध्या तासात तो परत आला. पुरुषमाणूस समोर असला की आम्हाला मोकळं बोलता येत नाही, असं बायकांचं म्हणणं पडलं होतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"जागा नव्हती," तो म्हणाला आणि बूट काढायला वाकला.