डोकी कुणी खायची

बॉनच्या प्रयोगशाळेत मी माशांची वयं सांगायचे. माशाच्या डोक्यात, प्रत्येक कानापाशी, तांदळाच्या कणीएवढा खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षावर्षाची वलयं दिसतात. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. ग्रीनलंडच्या एका इनुइट गावातून साल्मनच्या कुळातल्या माशांचे नमुने आमच्याकडे यायचे. खाडीत म्हातारे मासे किती उरलेत ते त्या खड्यांवरून कळणार होतं, आणि मोठ्या बोटींना खाडी बंद करायची की नाही, तेही त्यावरच ठरणार होतं.

तेव्हाची मी म्हणजे गळ्यात ओळखपत्र आणि डोक्यात हवा. गावाला ऐटीत कळवलं, प्रत्येक माशाचं अख्खं डोकं गोठवून पाठवा. दोन हंगाम डोकी आली. मग बंद.

गावातल्या एक आजी बैठकीसाठी बॉनला आल्या. पुढं डोकी पाठवायची की नाही, हे त्या सांगणार होत्या. मी रंगीत आलेख दाखवले. त्यांनी अंगातला कोटसुद्धा काढला नाही. म्हणाल्या, "बघू."

घाबरून मी त्यांना जेवायला बोलावलं. सासूबाई तेव्हा मालवणहून आल्या होत्या. कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानातून खुणा करून त्यांनी डोराडे नावाचा अख्खा मासा आणला होता.

"आई, डोकं नका हो घालू कालवणात. पाहुणी काय म्हणेल?"

"मग तिला काय शेपूट वाढू?"

"मी बिनकाट्याचं फिले आणलंय ना."

"तो कापूस तू खा."

आणि डोकं गेलं पाहुणीच्या वाटीत. मी भिंतीकडे बघत बसले. आजींनी वाटीत पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बोटांनी माशाचे गाल सोडवायला घेतले. चोखूनबिखून झाल्यावर ताटाच्या कडेला दोन स्वच्छ खडे ठेवले.

"आमच्यात डोकं म्हाताऱ्यांचं असतं," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "दोन हंगाम आम्हाला मिळालं नाही. आम्हाला वाटलं, जर्मनीत कुणीतरी खातंय."

मी मराठीत सांगितल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे बघून घेतलं. "अगं, डोक्यासाठी माहेरी भावाला चावलेली तू. आणि म्हाताऱ्यांच्या ताटातली डोकी मागवलीस?"

"काय म्हणतायत?" आजींनी विचारलं.

"माझं कौतुक चाललंय," मी म्हटलं.

डोकी त्यांनीच खायची, तर शिजलेले खडे वाचता येतील का, हीच धाकधूक होती. सकाळी ताटातले ते दोन खडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर वलयं लख्ख. मग ठरलं: माशाची लांबी मोजायची, डोकं म्हाताऱ्यांनी खायचं, खडे आम्हाला.

पुढच्या हंगामात खड्यांच्या कागदी पुड्या आल्या. सगळ्या मजल्यावर रश्श्याचा वास. एक जर्मन सहकारी खिडक्या उघडत फिरत होता. पहिल्याच पुडीतला मासा माझ्या शाळेत जाणाऱ्या मुलीहून वयानं मोठा निघाला, आणि तसे बरेच निघाले. अंडी घालणारे हे म्हातारे मासे जपायचे म्हणून, अंडी घालायला ते नदीकडे निघतात त्या दिवसांत खाडी बोटींना बंद झाली.

आजींचा निरोप आला, म्हाताऱ्यांची पोटं भरलेली आहेत, खडे येत राहतील. सासूबाईंनाही काहीतरी पाठवलं होतं. वाळवलेला मासा, डोक्यासकट.