अकरा फासळ्यांचं जहाज

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: बालीगंजमधला आमचा फ्लॅट, जेवणाचं टेबल. हजर: मी; माझा दातांचा डॉक्टर असलेला नवरा, उजवा हात मांडीवर उपडा ठेवून; आमच्या दवाखान्यातल्या दीदी, अठरा वर्षं त्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून त्याच्या हातात हत्यारं देणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी बराकपूरहून सियालदहला गाडी बदलून आलेल्या; आणि फोनच्या पडद्यावर बंगळूरहून आमची मुलगी. ही नोंद मी तेव्हाच वहीत केली. मी सगळ्याचीच करते.

जुलैत बाथरूममधलं बेसिन भिंतीतून सुटलं आणि ते सावरायला गेलेल्या नवऱ्याच्या हातावर फुटलं. उजव्या अंगठ्याचे आणि शेजारच्या बोटाचे टेंडन कापले गेले. ऑपरेशन चांगलं झालं, जखम भरली, पण दोन्ही बोटं एकमेकांना भेटून काही धरेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ गोळा दिला आणि भोकांच्या फळीत बसवायला खुंट्या दिल्या; बोटांना बारीक काम हवं, असं त्या म्हणाल्या. त्यानं ते दोन दिवस केलं आणि फळी कपाटावर टाकली. हे बालवाडीचं आहे, एवढंच म्हणाला. नोव्हेंबरात त्यानं एका तरुण डॉक्टरशी बोलणी केली. मार्चअखेर दवाखाना त्यांच्याकडे सोपवायचा असं ठरलं. माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेला दवाखाना. कागद तयार होऊन माझ्या फाइलमध्ये आले, फक्त सही राहिली होती. दीदींना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ते काम माझ्या यादीत होतं आणि मी ते रोज उद्याच्या पानावर उतरवत होते.

मुलीनं त्या व्यायामाच्या बाईंना परस्पर फोन करून विचारलं, की बारीक काम म्हणजे नक्की कसलं? आठवड्याभरात खोकं आलं. दोन डोलकाठ्यांचं मच्छीमार जहाज, लाकडी, हातभर लांब, स्वतः जोडायचं. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, असं खोक्यावर लिहिलेलं होतं. नवऱ्यानं चित्र पाहिलं आणि पेपर उघडला.

मी मात्र शनिवारी तयारीला बसले. गेली वीस वर्षं दवाखान्यातले ट्रे मी लावते. पाकीट फोडायचं, वेष्टण टाकायचं, वस्तू जातवार मांडायच्या. डॉक्टर आला की त्यानं फक्त हात पुढे करायचा. खोक्यात प्लायवुडच्या पाच पातळ फळ्या होत्या आणि त्यांतच सगळे तुकडे कापून ठेवलेले होते, अगदी बारीक लाकडी टाक्यांनी अडकलेले. मी दुपारभर बसून एकूण एक तुकडा सोडवला. कडा घासल्या. दवाखान्यातल्या झाकणाच्या डब्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या: लांब सरळ, लांब वाकडे, गोल, बारीक, इतर. रिकाम्या फळ्या मोडून कचऱ्यात घातल्या. रविवारी सकाळी शिट्टी वाजली, कचऱ्याची गाडी येऊन त्या घेऊन गेली.

साडेदहाला मुलीनं पडद्यावरून डबे पाहिले आणि विचारलं, "आई, नंबर कुठे गेले?"

कसले नंबर, मी विचारलं. तेव्हा कळलं. प्रत्येक तुकड्याचा नंबर तुकड्यावर नव्हता, त्याच्या शेजारी फळीवर छापलेला होता. पुस्तिकेत सगळीकडे फक्त नंबर. चार घ्या, कण्याच्या चौथ्या खाचेत बसवा. आणि माझ्याकडे होता "इतर" नावाचा एक भरलेला डबा.

दीदी तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळल्या. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला, डबे एकेक करून वाचले आणि म्हणाला, "अगं, तू याचे सगळे दात उपटलेस. आणि आता पेशंटला विचारणार, कुठला कुठे होता?"

जुलैपासून त्यानं कुणाला टोमणा मारलेला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण मी डबा त्याच्यापुढे सरकवला.

सुटा दात हातात दिला तर तो वरचा की खालचा, डावा की उजवा, हे तो न पाहता सांगतो. फासळ्या म्हणजे जहाजाच्या कण्यावर आडव्या बसणाऱ्या चौकटी. त्या अकरा होत्या. पुढच्या अरुंद, मधल्या पसरट, मागच्या परत अरुंद. त्यानं खोक्यातला जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला आणि डाव्या हातानं एकेक फासळी त्यावर ठेवून पाहू लागला. आठ लागल्या. तीन जवळजवळ सारख्या होत्या, फरक असेल तर तांदळाच्या दाण्याएवढा. तो त्यांच्या कडा चाचपत राहिला. मग डाव्या हाताला कळत नाही, असं पुटपुटला आणि फासळी उजवीकडे घेतली. ती पडली. मी वाकले, तर दीदींनी माझं मनगट धरलं.

"बौदी, राहू द्या. त्यांचं आहे, ते उचलतील."

बौदी म्हणजे वहिनी; त्या बंगालीत बोलतात, आम्ही मराठी मिसळलेल्या बंगालीत उत्तर देतो, असंच चालत आलेलं आहे. पण हे वाक्य त्यांनी असं म्हटलं, की घरचा नियमच झाला. पडलेला तुकडा तो सोडून कुणीही उचलायचा नाही. त्या दिवशी तो चौदा वेळा वाकला. संध्याकाळी अकरा फासळ्या कण्यावर उभ्या होत्या.

पुढचे सगळे रविवार तसेच गेले. दीदी साडेदहाला यायच्या, बरोबर नव्या गुळाची संदेश मिठाई, आणि त्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहायच्या. त्यांनी चिमटा कधीच त्याच्या डाव्या हातात दिला नाही. तो डावा पुढे करायचा, त्या उजव्याशी थांबायच्या. घड्याळात पाहिलं तर अर्धा मिनिटही नसेल, पण मला ते सोसायचं नाही आणि मी चहा ठेवायला उठायचे. परत यायचे तोवर चिमटा उजव्यात असायचा. दवाखान्यातून जुनी हत्यारं घरी आली. दात तपासायच्या टोकदार प्रोबनं गोंद लावायचा, रक्तवाहिनी धरायच्या बारीक चिमट्यांनी जहाजाच्या बाहेरच्या लाकडी पट्ट्या आवळून ठेवायच्या. पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून फासळ्यांवरून वळवाव्या लागत. जानेवारीत डाव्या बाजूची एक पट्टी सरकली आणि फट पडली. त्यानं लाकडाचा भुसा गोंदात कालवून ती भरली, सुकू दिली, घासली आणि बोट फिरवून पाहिलं. मग दुसऱ्यांदा फिरवलं. ते उजव्या हाताचं होतं. व्यायामाच्या बाईंनी त्या आठवड्यात पकड तपासली आणि त्याला विचारलं की घरी नक्की काय करता. तो म्हणाला, बायकोनं केलेला घोटाळा निस्तरतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी दीदींना स्वयंपाकघरात बोलावलं आणि कागदांविषयी सांगायला लागले. दोन वाक्यं झाली असतील.

"बौदी, ते पाकीट कुरियरवाल्याकडून मीच घेतलं होतं. वर त्या डॉक्टरांचं नाव होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते फाइलमध्ये सगळ्यात खाली ठेवलंत. तेव्हाच समजले."

म्हणजे त्यांना पहिल्या रविवारच्या आधीपासून माहीत होतं. मार्चनंतर आपलं काम राहील की नाही हे माहीत नसताना ही बाई दर रविवारी दोन गाड्यांनी येत होती आणि चिमटा उजव्या हाताशी धरून थांबत होती. त्यांनी गॅसवरचं दूध खाली उतरवलं.

महिना संपत आला तेव्हा तो दवाखान्यात गेला. काढून टाकलेल्या, प्लास्टरमध्ये बसवलेल्या दातांवर आठ दिवस काम केलं. नवव्या दिवशी हातमोजे घालून तसाच बसून राहिला. म्हणाला, मेलेले दात ठीक आहेत, जिवंत माणसावर मी हात चालवणार नाही. दीदींनी ॲप्रन काढला, खुंटीला लावला आणि जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या खालच्या दाढेचं सिमेंट दोन वर्षांपूर्वी निघालेलं होतं आणि त्या ते टाळत होत्या.

"डाक्तारबाबू, ट्रे हलला की इतकी वर्षं तुम्ही मला ओरडलात. आज तुम्ही हललात तर मी ओरडेन."

हत्यारं द्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी उभी राहिले. दोनदा चुकीचं दिलं. दीदी तोंड उघडं ठेवूनच डोळ्यांनी ट्रेवरचं योग्य ते दाखवत होत्या. चाळीस मिनिटं लागली, पूर्वी पंधरा लागायची. शेवटी त्यांनी दात एकमेकांवर दाबून पाहिले, चूळ भरली आणि म्हणाल्या की किंचित उंच झालंय, जरा घासा. त्यानं घासलं. त्या ओरडल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यानं तरुण डॉक्टरांना फोन करून माफी मागितली. ते चांगले निघाले. आता अवघड केसेससाठी आठवड्यातून दोन दिवस येतात. नवरा चार दिवस बसतो. हिवाळ्यात तो अंगठा अजून दुखतो, आणि मुळातून दाढ काढायची असेल तर तो ती अजूनही दुसऱ्याकडे पाठवतो.

मी आभाराची पत्रं लिहिणारी बाई आहे. व्यायामाच्या बाईंना लिहिलं, मुलीला लिहिलं. तिनं उत्तरात फक्त जहाजाचा फोटो मागितला. दीदींना काय लिहायचं ते सुचलं नाही. त्यांचा रविवार त्यांना परत दिला, आता सुट्टी घ्या म्हटलं.

त्यामुळे जहाज थांबलं आहे. डोलकाठ्या उभ्या आहेत, उजव्या बाजूच्या दोरीच्या शिड्या बांधून झाल्या आहेत, डावीकडच्या नाहीत. एकेका शिडीला चोवीस गाठी, शिवायच्या दोऱ्याहून बारीक दोऱ्याच्या. मी दोन बांधून पाहिल्या, सुटल्या. रविवारी तो दुपारपर्यंत झोपतो, आणि उठवायचं माझ्या मनात येत नाही. वहीत ओळ तशीच आहे: डावीकडच्या शिड्या, चार.