बारा हजार किलॉमेत्रुश

आमचे हे जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. नव्वदच्या दशकातली काही वर्षं आम्ही सिंगापूरला, तोआ पायोहच्या एका दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काढली. आम्ही म्हणजे मी आणि आमची लेक. हे वर्षातले आठ महिने युरोपच्या बंदरांतून फिरत असायचे. जहाज बंदराला लागलं की फोन करायचे, आणि त्या दोन-तीन मिनिटांत या गृहस्थांना सुचायचा काय, तर खेळ! तिथून घर किती लांब आहे ते सांगायचं, पण तिथल्या माणसांच्या बोलीत. गोदीतल्या कुणाला तरी विचारून ठेवलेलं असायचं. "दहा हजार किलोमेटर," असं हे म्हणाले की लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडणार, "जर्मनी! टू ईझी, लाह!" इटलीत किलॉमेत्री, पोलंडमध्ये किलोमेत्रुफ, ग्रीसमध्ये तर चक्क खिलिओमेत्रा. ती ते सगळं एका वहीत लिहायची आणि वही फोनपाशी ठेवायची.

मला संताप यायचा. "अहो, जेवलात का, पाठ कशी आहे ते सांगा. किलोमीटर काय चाटायचेत?" तर हे हसायचे. "अगं, शब्द सगळीकडे तोच, नुसतं शेपूट वेगळं. गंमत आहे की नाही?" "डोंबलाची गंमत," म्हणून मी रिसीव्हर लेकीच्या हातात द्यायची.

त्या दिवशी लेक दुपारच्या शाळेला गेली होती. तीनच्या सुमारास कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. बोलणारा माणूस फार हळू बोलत होता. पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत जहाजाच्या इंजिन रूमला आग लागली होती. तिकडे तेव्हा पहाट होती आणि खाली दोघंच जण होते. एकाला बाहेर काढून किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात नेलंय, दुसरा सापडत नाही. बाहेर काढलेला कोण ते अजून कळलेलं नाही, कळलं की लगेच फोन करतो.

पहाटेची वॉच, म्हणजे इंजिनावरची पाळी, यांची. बरोबर असायचा एक ज्युनिअर इंजिनिअर, रत्नागिरीकडचा, मागच्याच वर्षी लग्न झालेला. त्याची बायको सिंगापुरातच, सेरंगूनला राहायची, मला ताई म्हणायची. तिलाही तोच फोन गेला होता. अर्ध्या तासात ती माझ्या दारात उभी, घरातल्याच गाऊनवर ओढणी घेऊन. "ताई, मला एकटीला बसवत नाही हो."

मी चहा केला. दोघींनीही प्यायला नाही. मग आम्ही समोरासमोर बसलो, मध्ये फोन. खोटं कशाला सांगू? हॉस्पिटलातला माणूस माझा असू दे, एवढंच मी देवाला सांगत होते. समोर तीही डोळे मिटून ओठ हलवत होती. ती काय मागतेय ते मला ठाऊक होतं आणि मी काय मागतेय ते तिला. चांगली गुणी पोर, दिवाळीला माझ्याकडे चकल्या करायला आलेली, आणि मला तिच्याकडे बघायचीही भीती वाटायला लागली.

पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. मी झडप घातली. कुणीतरी बाई होती, भलत्याच भाषेत भराभर बोलत होती. "इंग्लिश, इंग्लिश प्लीज!" मी ओरडले. "नो इंग्लिश," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच सुरू. एक शब्द कळेल तर शपथ. मग ती थांबली. कागदाची सळसळ ऐकू आली, आणि लहान मुलाला शिकवावं तसं ती एकेक शब्द सावकाश वाचायला लागली. "दोझ... मिल... किलॉमेत्रुश."

मी म्हटलं, "काय?"

"किलॉमेत्रुश," ती पुन्हा म्हणाली. मागे कुणीतरी घशातून खरखरत खोकलं.

तो खोकला कुणाचा ते मला कळलं नाही. पण जगात दुसरा कोण माणूस मरता मरता नर्सला किलोमीटर लिहून देईल? धुराने घसा गेलेला, बोलता येत नाही, म्हणून कागदावर आमचा नंबर लिहिला आणि खाली तो मेला खेळ! मी रडायला लागले. "जिवंत आहेत गं! आमचे हे जिवंत आहेत!"

तोंडातून निघून गेलं आणि मग मला ती दिसली.

ती रडली नाही. माझ्याकडे बघत होती, ऐकलेलं नीट समजलं नसल्यासारखी. कसला कागद, कसले किलोमीटर, तिने विचारलं. मी कसंबसं सांगितलं. पलीकडच्या बाईने फोन कधी ठेवला मला कळलंही नाही. रिसीव्हर अजून माझ्याच हातात होता. तिने तो हळूच काढून घेतला, जागेवर ठेवला, आणि खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढून बसली.

"ताई," ती म्हणाली, "आमचं असं काहीच ठरलेलं नाहीये हो. आता यांचा फोन आला तर मला कसं कळणार?"