दहाच्या रकान्यात बारा अक्षरं

विलासतात्या वारल्याचं मला आमच्या कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमननं सांगितलं. मंगळवार होता. भिगवणहून येणारी एसटी उशिरा आली म्हणून मी धावतपळत बारामतीच्या एमआयडीसीत पोचले होते आणि उशीर झाल्याबद्दल तात्या काय टोमणा मारतील याचा विचार करत सही करायला वाकले. वॉचमनकाकांनी वही मागंच धरली. "रेश्मा मॅडम, विलासतात्या वारलं पहाटं. कन्हेरीत घरीच. छातीत कळ आली म्हणं," ते म्हणाले. मला रडू आलं नाही. पहिला विचार काय आला ते लिहायलाही लाज वाटते, पण तात्यांवर लिहायचं तर खरंच लिहायला हवं. पहिला विचार आला, आता सोमवारचं काय? सोमवारी नव्या ग्राहकाचं मॅपिंग सुरू व्हायचं होतं आणि ते आता मला एकटीला करावं लागणार होतं. आधी आली ती ही भीती. दुःख मागून आलं, चांगलं दोन दिवसांनी.

हे मॅपिंग म्हणजे काय, हे मला घरी वडिलांनाही सांगावं लागतं, तर इथंही सांगते. आमच्या कारखान्यात दुधाची पावडर आणि लहान मुलांचं डब्यातलं खाणं तयार होतं. मोठे ग्राहक फोनवर ऑर्डर देत नाहीत, त्यांचा कॉम्प्युटर आमच्या कॉम्प्युटरला निरोप पाठवतो. माल निघाला की आमचा कॉम्प्युटर त्यांना उलट निरोप धाडतो... अमुक गाडी, अमुक खोकी, हा बॅच नंबर, ही मुदत. दोन्हीकडचे रकाने मात्र वेगळे असतात. आमचा कुठला रकाना त्यांच्या कुठल्या रकान्यात उतरायचा, हे एकदा बसून जुळवून द्यावं लागतं. मग माणूस मधे येत नाही, निरोप आपोआप जातात. मला भीती वाटते ती याचीच. चुकीचं जुळवलं तर चूकही आपोआप जात राहते आणि सगळं हिरवं दिसतं.

तात्या या कामात आले ते उलट्या वाटेनं. आधी गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचे, मग आमच्या स्टोअरमध्ये कारकून लागले. पंचेचाळिशी उलटल्यावर कंपनीनं त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. दोन बोटांनी टाइप करायचे. इंग्रजी शब्द मोठ्यानं वाचायचे, तेही प्रत्येक अक्षराचा अपमान होईल अशा उच्चारात. मी इंजिनिअरिंग करून नुकतीच लागले होते. पहिल्याच आठवड्यात मी मनात ठरवून टाकलं, की या म्हाताऱ्याकडून शिकण्यासारखं काही नाही. त्यांनी ते ओळखलं असणार, कारण एकदा चहा पिताना म्हणाले, "पोरी, तुला माझ्यापेक्षा समदं जास्त येतं. फकस्त तुला भ्या वाटत न्हाय. तेवढं शिक." मी हसले होते. मुळात मी भित्री आहे. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. पण कामाची भीती म्हणतात ती मला तेव्हा ठाऊक नव्हती.

ती कळली चार वर्षांपूर्वी. आमचा बॅच नंबर बारा अक्षर-आकड्यांचा. शेवटची दोन अक्षरं सांगतात, डबा कुठल्या लाइनवर आणि कुठल्या पाळीत भरला. त्या वेळच्या ग्राहकाचा रकाना होता दहाचा. मी जुळवलं की पडद्यावर लाल ओळ यायची. मग मला सेटिंगमध्ये एक पर्याय सापडला... जास्त झालं तर कापून टाका. मी तिथं टिचकी मारली, लाल ओळ गेली, आणि मी खूश झाले. तात्या त्या दिवशी पुतणीच्या लग्नाला सुप्याला गेले होते. परत आल्यावर त्यांनी "झालं का?" विचारलं, मी "झालं" म्हणाले. तीन आठवडे गाड्या गेल्या, निरोप गेले, सगळं हिरवं.

मग एका सकाळी लॅबमधून फोन आला. एका पाळीत मशीन आतून कॉस्टिक सोड्यानं धुतल्यावर नीट खंगाळलं गेलं नसल्याची शंका होती. शंकाच होती, पण माल लहान मुलांचा. त्या बॅचचे डबे जिथं असतील तिथं थांबवायचे होते. मी ग्राहकाला बॅच नंबर कळवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, या नंबरचा माल आमच्याकडं नाही. मी हुश्श केलं आणि तात्यांना सांगितलं, "वाचलो तात्या, त्यांच्याकडे नाहीच आहे." तात्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रंगच उडाला. "न्हाय कसा? परवा मी सोता गाडी भरताना हुबा हुतो," ते म्हणाले. माझ्या पडद्यापाशी आले, वाकून त्यांनी ती 'कापून टाका'वरची बरोबरची खूण बघितली, आणि बोट ठेवून मला दाखवली. ग्राहकाकडे डबे होते. फक्त शेवटची दोन अक्षरं गेल्यामुळं चांगले आणि शंकेचे, सगळे एकाच नावानं पडले होते आणि आम्ही विचारत होतो ते नाव त्यांच्याकडे नव्हतंच.

माझी वहिनी तेव्हा भिगवणला बाळंतपणानंतर आमच्याकडेच होती. बाळाला आमच्याच कारखान्याचा डबा सुरू होता, मीच कौतुकानं घेऊन गेले होते. मला ते आठवलं आणि मी एवढंच म्हणाले, "तात्या, बाळ..." तात्यांनी काय ते ओळखलं. "आधी घरला फोन लाव. डब्याच्या बुडाशी काय छापलंय ते वाचून घे. बाकीचं मग," म्हणाले. वहिनीनं डबा उलटा करून एकेक अक्षर वाचलं. वेगळ्याच लाइनचा निघाला, शंकेचा नव्हता. मी तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडले. तात्यांनी रडू दिलं, पण फार वेळ नाही. आम्ही दोघं कंपनीच्या जीपनं इंदापूरच्या पुढं हायवेलगत ग्राहकाचं गोदाम आहे तिथं गेलो. एकेक खोकं खाली घेऊन, डबे उलटे करून, डोळ्यांनी वाचत बसलो. दुकानांत गेलेली खोकी त्यांच्या माणसांनी परत आणली. संध्याकाळपर्यंत सगळे डबे हाती लागले. पुढं तपासणीत काही वाईट निघालं नाही, शंका शंकाच राहिली. पण गोदामात गुडघ्यांवर बसून डबे उलटे करत होतो तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तात्या एकच डबा तीन-तीनदा वाचत होते. मी पहिल्यांदा बघितलं, की हा माणूसही घाबरतो, माझ्यापेक्षा जास्त घाबरतो, आणि घाबरूनच नीट वाचतो.

साहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं होतं तात्या सांभाळून घेतील. त्यांनी तसं केलं नाही. "चूक पोरीची हाय. आणि मी 'झालं का' इचारून गप बसलो, बघितलं न्हाय, ती माझी," म्हणाले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी मला तिथं लहान ठेवलं नाही, बरोबरीनं उभं केलं. मग त्यांनी माझ्याशेजारी बसून सगळी मॅपिंगं पुन्हा लावली. कुठंच कापायचं नाही. एक अक्षर जरी जास्त झालं तरी निरोप अडवायचा आणि बोंब मारायची. "थांबलेला निरोप परवडतो गं, चुकीचा गेलेला न्हाय," हे ते इतक्यांदा म्हणायचे, की मी त्यांची नक्कल करायचे. त्यानंतर चार वर्षं माझ्या कुठल्याही मॅपिंगला काही झालं नाही. निदान मला तसं वाटत होतं, साहेबांनाही वाटत होतं. तात्या गेल्यावर मी सोमवार पुढं ढकलायला सांगायला गेले तर साहेब म्हणाले, "अगं, चार वर्षांत तुझी एक तक्रार नाही. तू करशील."

आणि मी केलं. कन्हेरीला तिसऱ्या दिवशी जाऊन आले, तात्यांच्या बायकोच्या, काकींच्या पाया पडले, आणि सोमवारी नव्या ग्राहकाचं मॅपिंग सुरू केलं. त्यांचा बॅचचा रकाना बाराचाच होता, नेमका बसला. तरी आठवडाभर मला घास गिळत नव्हता. जेवता जेवता उठून लॅपटॉप उघडायचे. आई म्हणाली, वाळलीस. दुसऱ्या आठवड्यात जरा झोप लागायला लागली. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, जमलं की आपल्याला.

त्याच रविवारी दुपारी मी वडिलांना माशांच्या गाळ्यावर मदत करत होते. वडील उजनीच्या पाण्यातल्या माशांचा धंदा करतात, रविवारी गिऱ्हाईक फार. हात खवल्यांनी भरलेले, आणि फोन वाजला. पडद्यावर नाव होतं विलासतात्या. फोन घ्यायची हिंमत होईना, वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला, पुन्हा तेच नाव. वडिलांनी ओल्या हातानंच उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडं काकी होत्या. "रेश्मा, मी काकी बोलतीया. ह्यांच्या फोनवर तुमच्या हापिसाचा निरोप आलाय बघ. सकाळपास्नं तीनदा वाजला. मला वाचता येत न्हाय इंग्रजी, पर ह्यो आवाज मला ठावा हाय. ह्यो वाजला की ते जेवत्या ताटावरनं उठायचे."

मी हात पुसले न पुसले तोच गाळ्यात सोबत ठेवलेला लॅपटॉप उघडला. सकाळी तीन निरोप अडले होते. कारखान्यात त्या दिवशी तिसरी लाइन सुरू झाली होती, तिच्यासाठी कुणीतरी बॅच नंबरात एक अक्षर वाढवलं होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. बाराच्या रकान्यात तेरा. मॅपिंगनं कापलं नाही, अडवलं, बोंबही मारली. पण निरोप अडला तरी गाडी अडत नाही. गाडी निघून गेली होती. निरोप नाही मिळाला तर गोदामातला माणूस नंबर हातानं टाकतो, आणि बसतील तेवढीच अक्षरं टाकतो. म्हणजे पुन्हा तेच... नव्या ग्राहकाचं गोदामही इंदापूरकडंच आहे, तिथं फोन करून मी ओरडलेच, "गाडी उतरवू नका!" पलीकडचा म्हणाला, "मॅडम, आत्ताच फाळका उघडलाय. थांबवतो." वडील म्हणाले, "मासं मी बगतो, तू बस गाडीत." चुलतभावानं पिकअपमधून मला इंदापूरकडं नेलं. वाटेत नव्या ग्राहकाशी बोलून, रकाना वाढवून घेऊन, निरोप पुन्हा पाठवले. तिथं पोचल्यावर खोकी उतरवली आणि एकेक डबा उलटा करून वाचला. माशांचा वास येणाऱ्या बाईला त्यांनी आत घेतलं, हेच नवल.

सोमवारी ऑफिसात मी पहिल्यांदा ती जागा उघडली, जिथं लिहिलेलं असतं, निरोप अडला तर कुणाला कळवायचं. तिथं एकच नंबर होता, तात्यांचा. माझा कुठंच नव्हता. चार वर्षांत मी हजार सेटिंगं बघितली असतील, ही एक बघितली नव्हती, कारण मला कधी गरजच पडली नव्हती. मग मी जुने अडलेले निरोप काढले. यादी खाली खाली जात राहिली. मॅपिंगं माझी, चुका माझ्या. कुठं मुदतीची तारीख उलटी, कुठं खोक्यांऐवजी डब्यांची संख्या. प्रत्येकापुढं दुरुस्त केल्याची नोंद, तात्यांच्या नावानं. पहाटे पाच, पहाटे साडेपाच, दिवाळीचा पाडवा, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचा दिवस. मी नऊला येऊन हिरवा पडदा बघायचे आणि मनात म्हणायचे, आपण शिकलो. मी तिथं बसून घाबरले तशी आजवर कधी घाबरले नव्हते. जे झालं त्यानं नाही, तात्यांमुळं जे होता होता टळलं त्या सगळ्यानं.

त्यांनी मला का सांगितलं नाही, याचा मला राग येतो. आपण नसू तेव्हा हिचं काय, हा विचार त्यांच्या मनात आला नाही का? भ्यायला शीक म्हणणारा माणूस माझ्या वाटची भीती स्वतःच्या उशाशी घेऊन झोपत होता. हे काही शिकवणं नाही. मी हे त्यांना तोंडावर बोलले असते, आणि ते हसून म्हणाले असते, "व्हय गं, चुकलंच."

मागच्या शनिवारी मी कन्हेरीला गेले. काकींना सांगितलं, आता यादीत माझा नंबर टाकलाय, तात्यांचा काढते, तुम्हाला उगाच त्रास नको. त्या भाकरी थापत होत्या. तात्यांचा फोन चुलीपासून लांब, फडताळात, चार्जिंगला लावलेला होता. काकींनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "न्हवं, नंबर ऱ्हाऊ दे की. तू येकटी किती बगशील? तू झोपलीस तर? त्यो वाजला की मी उठते. तुला उठवीन."

मी नंबर ठेवलाय. माझा पहिला, त्यांचा दुसरा. काल पहाटे एक निरोप अडला. मी जागीच होते, लॅपटॉप उघडत होते, तेवढ्यात फोनवर विलासतात्या हे नाव आलं. मी फोन उचलून म्हटलं, "काकी, बघितलं मी. झोपा तुम्ही." त्या म्हणाल्या, "नीट बगितलंस का?"

मी पुन्हा एकदा बघितलं.