गौरी जेवली, पण माझ्या हातून नाही

मंडळींनो, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

दर रविवारी आम्ही मंडळाच्या बायका मुसी नदीकाठच्या वस्तीत लेकरांना सकस जेवण नेतो. नाचणीची खीर माझ्याकडे. तिथली चिमुरडी गौरी वजनाने फारच कमी, डॉक्टरांनाही तिची काळजी वाटते. मी वाटी-चमचा घेऊन तिच्या मागे फिरते, पण पोर तोंड उघडेल तर शपथ.

आज माझ्या शेजारच्या पद्मागारू (तेलुगूत 'गारू' म्हणजे आपलं मानाचं 'बाई') पहिल्यांदाच सोबत आल्या. त्यांनी हात धुतले, खाली मांडी घातली, परातीत वरण-भात तूप घालून कालवला आणि लेकरांना भोवती बसवून एकेकाच्या हातावर घास ठेवत गेल्या. गौरीने खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला.

"काय जादू केलीत?" मी जरा खोचकच विचारलं.

"जादू कायकी अक्का? आमच्याकडं लेकरं अशीच जेवतात. तुमी पण हात करा."

त्यांनी माझ्याही हातावर घास ठेवला. मेला, गोडच लागला.

पोर जेवली, देव पावला. पण पुढच्या रविवारी परातीपाशी मी बसणार आहे. तेवढा वेळ पद्मागारूंना खीर ढवळायला सांगितली, तर फार वाईट दिसेल का हो?