दत्ताची पेटी

दत्ता परब गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या ऑफिसात गळतीच्या तक्रारी वाचत बसलो होतो. चाळीस वर्षांची मैत्री... आणि मनात पहिला विचार काय यावा? आता ते कुणालाच कळणार नाही! त्या विचाराची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

घाटकोपरला आमची दारं समोरासमोर. दत्ताची सगळी नोकरी टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल तर शपथ! त्याने एका पत्र्याच्या पेटीत चक्क रेडिओ स्टेशन बसवलं. छोटा ट्रान्समीटर, माइक, बॅटरी आणि बांबूला बांधायची एरियल. पुरात मोबाइल बंद पडले की आसपासच्या वस्तीला साध्या ट्रान्झिस्टरवर सांगायचं, जेवण कुठे मिळतंय, कोण सुखरूप आहे. परवानगीसाठी त्याने सरकारी कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई त्याला घरच्यासारखा चहा विचारायला लागला. मी मात्र त्याला 'निवेदक' म्हणून चिडवत असे.

सहा वर्षांपूर्वीच्या जुलैत दत्ता गावी होता आणि आमच्या सोसायटीत दहावीच्या मुलांचा सत्कार होता. ऐन वेळी वीज गेली. मी वहिनींकडून पेटीतली बॅटरी मागून आणली, माइकला जोडली आणि तासभर भाषण ठोकलं. बॅटरी परत ठेवली ती तशीच. चार्जिंगला उद्या लावू म्हटलं. तो उद्या काही आला नाही.

तिसऱ्या दिवशी माहुलच्या कोळीवाड्यात पाणी शिरलं. गावाहून परतणारा दत्ता थेट तिथल्या शाळेत पोचला आणि मोबाइल बंद पडायच्या आधी त्याने मला फोन केला.

"सुध्या, पेटी घेऊन ये लगेच. बॅटरी फुल आहे ना रे?"

"हो रे, आहे," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो!

मी पेटी नेऊन दिली. शाळेत आसऱ्याला आलेल्यांची नावं दत्ता माइकवर वाचू लागला. बारावं नाव अर्धं झालं आणि पेटी बंद पडली. नंतरच्या नावांची लोक घरोघर वाट बघत राहिले. दुपारी एक कोळीण कंबरभर पाण्यातून चालत आली. पायाला काच लागलेली, रक्त वाहत होतं. तिची म्हातारी आई शाळेच्या बाकावर पेज पीत बसली होती.

"माझी आय इथं बसलीय आणि तुम्ही बंद करून बसलाव? मी मेली समजले तिला!" ती सगळ्यांसमोर दत्तावर ओरडली.

दत्ताने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग तिला हात जोडले. "चुकलं, ताई. बॅटरी मी बघायला हवी होती."

मी बाजूला एरियलची तार गुंडाळत उभा होतो. पुढे सहा वर्षं आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याला कळलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो.

गेल्या रविवारी वहिनींनी मला पेटी उघडून दाखवली. आत दोन बॅटऱ्या होत्या.

"ही दुसरी पुरानंतर लगेच आणली त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "दर रविवारी दोन्ही चार्ज करायचे. मला बजावलं होतं, पहिलीला कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या बॅटरीवर चिकटपट्टी होती. तिच्यावर दत्ताचं ठसठशीत अक्षर: 'सुध्या मागायला आला तर ही देणे.'