काटापूजनाचा मान

तो फोन मी अजून विसरलेलो नाही. दुपारची वेळ होती. मी एका सोसायटीतले पार्किंगचे भांडण मिटवून नुकताच ठाण्यात परतलो होतो. ठाणे अंमलदार बाई स्टेशन डायरी लिहीत होत्या. लँडलाइन वाजली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, रिसीव्हर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, मार्केट यार्डात द्यूत चालू आहे."

"काय चालू आहे?"

"द्यूत. खबर देणाऱ्याचा शब्द आहे, माझा नाही. कांद्याच्या गाळ्यामागची खोली. मागील दाराने यावे आणि विलंब टाळावा, असंही बजावलंय."

जुगाराची खबर देणारा माणूस 'अड्डा आहे' म्हणतो, 'पत्ते कुटतायत' म्हणतो. द्यूत म्हणणारा मला हा पहिलाच भेटला. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये जुगाराच्या केसेस कमी म्हणून वरिष्ठांनी मला सर्वांसमोर झापले होते आणि शेजारच्या ठाण्याच्या साहेबांचे कौतुक केले होते. ते कौतुक कशाच्या जोरावर मिळाले होते, हे मला ठाऊक होते. असो. डोके तापलेले होते. मी दोन पंच घेतले, तीन कर्मचारी घेतले आणि मागील दाराने गेलो.

दुपारी यार्ड आळसावलेले असते. सकाळचे लिलाव संपलेले, हमाल पोत्यांवर आडवे झालेले. खोलीत चार माणसे सतरंजीवर बसून मेंढीकोट खेळत होती. मधे पत्ते, बाजूला भाजलेले शेंगदाणे. पैसा एक नाही, चिठ्ठी नाही, मोबाईलवर हिशेब नाही. पंचांनी सतरंजी उचलून पाहिली. खाली शेंगदाण्याची टरफले.

छाप्यात मी एक गोष्ट नेहमी करतो. झडतीआधी चेहरे पाहतो. पोलीस आत शिरले की सगळे पोलिसांकडे बघतात. इथे तिघे माझ्याकडे बघत होते. चौथे, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ, त्या तिघांकडे बघत होते. मग ते घड्याळाकडे बघून मला म्हणाले, "बराच उशीर केलात."

चौघांनाही ठाण्यात आणले. नावे देत नाही, कामावरून ओळखा. गाळ्याचे मालक कांद्याचे आडते होते. त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांचे जोडीदार त्यांच्याच गाळ्यावरचे तोलणार, म्हणजे मालाचे वजन करणारे तात्या. समोरच्या जोडीत एक हळदीचे व्यापारी आणि ते इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. ते जवळच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. यार्डातली अर्धी पोरे त्यांच्या हाताखालून गेलेली.

शेठ आल्या आल्या भडकले. "साहेब, जुगार म्हणताय ना? पैसे दाखवा. लायसन्सचा प्रश्न आहे माझ्या. जुगाराची केस पडली तर उद्या गाळ्याला कुलूप लागेल."

"आवाज खाली," मी म्हणालो. माझा स्वतःचा आवाज तोवर रस्त्यापर्यंत गेला होता.

मी मास्तरांना आत घेतले. खुर्ची दिली नाही. "फोन तुम्ही केलात?"

"केला."

"जुगार कुठाय?"

"जुगार नाही. फसवणूक आहे. हे दोघे दर वर्षी लबाडीने जिंकतात. कशी ते मला आजवर सापडलेले नाही. ते शोधणे आपले काम."

"मास्तर, हे पोलीस ठाणे आहे."

"म्हणून तर आपल्याला कळवले. शाळा असती तर मीच पाहिले असते."

मी टेबलावर हात आपटला. खोटी खबर देणे हाही गुन्हा आहे, तुमच्यावरच कारवाई करतो, असे सुनावले. मास्तर घाबरले, पण मागे हटले नाहीत. हळूहळू सगळे बाहेर आले. दसऱ्याला त्या ओळीतल्या गाळ्यांचे काटापूजन होते. आता वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते, पण त्या दिवशी जुना लोखंडी तराजू काढून, पुसून, झेंडू लावून मांडतात. मेंढीकोटात जिंकणारी जोडी फेटा बांधून पूजा करते. आणि कितीतरी वर्षे तो मान शेठ आणि तात्यांनाच मिळत होता. शेवटचा डाव यंदा मंगळवारी व्हायचा होता.

"मी व्यापारी नाही," मास्तर म्हणाले. "ह्या लोकांनी मला आपल्यात बसवून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. पण पूजेच्या वेळी माझेच विद्यार्थी समोर उभे असतात, आणि मी मागे, प्रसादाचं ताट धरून. एकदा, फक्त एकदा मला तिथं पुढे उभं राहायचंय. हरलो असतो तर ताट धरलं असतं. पण मी हरत नाही. मला हरवलं जातं."

हे शेवटचे वाक्य माझ्या कानात राहिले.

शेठ आणि तात्यांची वेगवेगळी चौकशी केली. दोघांनी हात झटकले. शेठ म्हणाले, "नशीब साथ देतं." तात्या म्हणाले, "शेठ खेळत्यात, मी पानं टाकतो. मला काय कळतंय साहेब." केस बनत नव्हती. मी दोघांना सोडायला सांगितले. व्हरांड्यात ते समोरासमोर आले आणि त्यांनी हात मिळवले. साधा हात. पण शेठचा पंजा तात्यांच्या पूर्ण पंजाभोवती बसला नाही. शेठनी त्यांची दोन बोटे पकडली, सोडली, आणि मग तात्यांनी शेठचे एक बोट दाबले.

ही पकड माझ्या ओळखीची होती. पोलिसात येण्याआधी मी ह्याच यार्डात कात्रजच्या पलीकडून मेथीच्या जुड्या आणून विकत असे. तेव्हा उघड लिलावाबरोबर एक चोरटी पद्धतही चालायची. व्यापारी आणि शेतकरी हातावर रुमाल टाकत आणि खाली बोटे धरून भाव ठरवत. तिसऱ्याला कळायचे नाही. मला त्या रुमालाखाली इतक्यांदा बनवले गेले होते की बोटांची भाषा मी रागानेच शिकलो. नंतर मला बनवणे कोणाला जमले नाही.

"थांबा," मी म्हणालो. "जाण्याआधी एक डाव खेळून दाखवा."

जप्त केलेला पत्त्यांचा कॅट मी टेबलावर ठेवला. मेंढीकोट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चौघे दोन जोड्यांत खेळतात, जोडीदार समोरासमोर बसतो. चार दश्श्यांपैकी जास्त जिच्याकडे गोळा होतात ती जोडी जिंकते. म्हणजे जोडीदाराच्या हातात कोणती दश्शी आहे हे आधीच कळले, तर अर्धा डाव तिथेच जिंकला.

चौघांना बसवून पाने वाटली. शेठनी पाने पाहिली आणि सवयीने जोडीदाराकडे शुभेच्छांचा हात पुढे केला. तात्यांच्या हाताआधी माझा हात तिथे पोहोचला. शेठचे लक्ष पानांत होते. त्यांनी माझे मधले बोट दाबले, मग करंगळी.

मी त्यांच्या हातातली पाने उलटी केली. बदाम दश्शी आणि किलवर दश्शी.

मग मी शेठचे पहिले बोट दाबून विचारले, "ही इस्पिक का?"

शेठ माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, तुम्ही यार्डातले?"

"मेथीवाला."

"मग संपलंच," शेठ म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकून हसायला लागले. इतकी वर्षे पकडले न गेलेल्या माणसाच्या हसण्यात सुटका असते, ती मी अनेकदा पाहिली आहे. मास्तर मात्र हसत नव्हते. ते चष्मा काढून पुसत होते आणि पुटपुटत होते, "बोटं. माझ्या नाकासमोर बोटं."

"का केलंत?" मी शेठना विचारले. "धंद्यात तुमचं माप चोख आहे म्हणतात."

"चोखच आहे. धंद्यात केलं तर चोरी होते. इथं पैसाच नाही, तर चोरी कसली? असं वाटायचं." त्यांनी समोरची पाने गोळा केली. "आता तुमच्यासमोर बोलताना तेवढं बरोबर वाटत नाही."

तात्या खाली बघत होते. "मला जिंकायचं नव्हतं साहेब. गाळ्यावर शेठ गादीवर असत्यात, मी काट्यापाशी उभा. दिवसभर वजनाशिवाय बोलणं न्हाई. डावात शेठ माझा हात हातात घेत्यात. आम्हा दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट हाय, एवढंच."

शेठ त्यांच्याकडे वळून म्हणाले, "हे मला कधी बोलला नाहीस."

"तुम्ही बोट दाबायचा, तवा बोलायचं राहून जायचं."

मग मी सौदा केला. हे काम मला येते. शेठना म्हणालो, लबाडी कबूल आहे तर यंदाचा मान सोडा. ते म्हणाले, केस नाही म्हणता तर मान का सोडू? मास्तरांना म्हणालो, खोट्या खबरीची कारवाई टाळायची तर डाव सोडा. ते म्हणाले, अटक करा. बराच वेळ घासाघीस झाली. अंमलदार बाई म्हणाल्या, "सर, भाजी घेताय का?" शेवटी ठरले: कारवाई कोणावर नाही. मंगळवारचा डाव व्हायचा, पण हात मिळवायचे नाहीत, आणि बाजूला मी बसणार. सगळ्यांना थोडे वाईट वाटले, म्हणजे सौदा रास्त झाला.

मंगळवारी ओळीतले सगळे गाळेवाले जमले होते. शेठ आणि तात्यांची अवस्था बघण्यासारखी झाली. हातांचे काय करावे हेच त्यांना कळेना. तात्यांनी शेठचीच दश्शी कापली. शेठ ओरडले, तात्यांनीही सुनावले, "मग सांगायचं व्हतं," आणि सगळी खोली हसली. डाव बरोबरीत आला. शेवटच्या वाटपात मास्तरांनी पाने पाहिली आणि चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला. डाव्या काडीला हात लावला, मग भुवईला.

त्यांचे जोडीदार हळदवाले काळजीने म्हणाले, "मास्तर, डोळ्यात काही गेलं का? हळद लागलेली असेल, चोळू नका."

मी मास्तरांकडे पाहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मास्तर," मी म्हणालो, "डावी काडी कोणती दश्शी?"

मास्तरांनी पाने खाली ठेवली आणि म्हणाले, "चौकट. ह्यांना कालच शिकवली होती."

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. तात्यांनी त्यांची पाठ थोपटली. मास्तर उठून जायला निघाले तसे शेठनी त्यांचा हात धरून खाली बसवले. "कुठं चाललात? आज तर आपण एका पंक्तीत आलो."

मला तिथे राग यायला हवा होता. माझ्या नाकासमोर, माझ्याच देखरेखीखाली लबाडी. पण मला पोलीस क्रीडास्पर्धा आठवली. रस्सीखेचीच्या अंतिम सामन्यात समोरच्या संघाने आदल्या दिवशीच मैदानात टाचांसाठी खड्डे करून ठेवले होते. मी तक्रार केली, पंचांनी हसण्यावारी नेली, करंडक त्यांच्या ठाण्यात गेला. तो करंडक तिथल्या कपाटात अजून आहे आणि तो आमचा आहे. कुणी त्या दिवशी मला फावडे दिले असते, तर पुढच्या वर्षी मी काय केले असते हे सांगता येत नाही. मास्तरांना लबाडी करताना आपण लबाडी करतोय असे वाटलेच नाही. राहिलेले वसूल करतोय, असे वाटले.

डाव रद्द झाला. मान कोणाचा, यावर गलका सुरू झाला. मी काही बोलण्याआधी शेठच म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं केलं आणि आत्ता कुठं सापडलो. मास्तरांनी एकदा केलं आणि तेही धड जमलं नाही. यंदा फेटा त्यांचा. तात्या, चालेल ना?"

"चालंल," तात्या म्हणाले. "पण फेटा मी बांधणार. त्यांना जमायचा न्हाई."

दसऱ्याला मी गणवेशाशिवाय गेलो. तराजू घासूनपुसून लख्ख केलेला, दोन्ही पारड्यांत झेंडू. मास्तर लालभडक फेट्यात पुढे उभे, आणि समोर त्यांचे विद्यार्थी, आता मिशा आलेले, पोटे सुटलेले, मोबाईल वर धरून. नारळ फुटला, आरती झाली. त्या ओळीची रीत अशी की पूजा करणाऱ्याने शेवटी तराजूवर हात ठेवून मोठ्याने म्हणायचे, वर्षभर माप खरे ठेवले. मास्तरांनी हात ठेवला. वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाले, "वर्षभर माप खरं ठेवलं." मग थांबले. सगळे वाट बघत होते.

"मंगळवारचा डाव सोडून."

मागून शेठचा आवाज आला, "माझे बरेच मंगळवार सोडावे लागतील." त्यानंतर तिथे पाच मिनिटे कोणालाच नीट उभे राहता येईना. मास्तर फेटा सावरत हसत होते, आणि प्रसादाचे ताट शेठनी धरले होते.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. लबाडीबद्दल मात्र जे शिकलो ते त्या सतरंजीवर. लबाडी करणाऱ्याला 'का केलीस' असे विचारले की तो कारण बनवून देतो. त्याऐवजी 'तुझे कोणाकडे काय राहिलेय' असे विचारावे. एकाला वाटते इथे पैसा नाही म्हणून नियमही नाही. एकाला नुसती सोबत हवी असते. आणि एकाला खात्री असते की जगाने त्याचे काहीतरी मारले आहे. हा तिसरा माणूस सर्वांत सज्जन दिसतो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी. मी माझ्यावरही ठेवतो.

ह्या केसबद्दल मला शाबासकी मिळाली नाही. मिळणार तरी कशी? स्टेशन डायरीत त्या फोनपुढे, माझ्याच सांगण्यावरून, एवढेच लिहिले आहे: माहितीत तथ्य आढळले नाही. नाइलाज होता. पण आज सांगतो, तथ्य होते. भरपूर होते.